‘जैन’ म्हणून विकता, तर आत काय आहे तेही मराठीत लिहा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रांच्या सदरात एका वाचकाने लिहिले होते की, ज्यांना खाण्यापिण्याचे एवढे नियम पाळायचे आहेत त्यांनी घरी जेवावे. पिझ्झा-बर्गरच्या दुकानात काउंटरवरच्या पोरांना प्रश्न विचारत रांग अडवून धरू नये. असे प्रश्न मी विचारते आणि यापुढेही विचारणार आहे. का, ते सांगायला हे पत्र.

मी सांगलीच्या गावभागात राहते. आम्ही दिगंबर जैन. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून, आधी सासूबाईंच्या हाताखाली आणि त्या गेल्यावर जावेच्या मदतीने, मुनिसंघ गावात आला की मी आमच्या घरी आहाराचा चौका लावते, म्हणजे मुनींसाठी शुद्ध स्वयंपाक मांडते. चौक्याचे नियम कडक असतात. पाणी दुहेरी कापडातून गाळायचे, धान्य दिवसाच्या उजेडात निवडायचे, दळलेले पीठ पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच आणि थंडीत सात दिवस, त्यापुढे चालत नाही. डाळ आणि कच्चे दही एकत्र करायचे नाही. असला स्वयंपाक कुठल्याही दुकानाने करावा असे माझे म्हणणे नाही, आणि मी स्वतः बाहेरचे खातही नाही. पण घरात तरुण मुले आहेत. एक नात पुण्यात शिकते, धाकटा नातू इथेच अकरावीला आहे. त्यांनी आपापल्या मनाने थोडे नियम ठरवून घेतले आहेत: मांस नाही, अंडे नाही, मध नाही, कांदा-लसूण-बटाट्यासारखी कंदमुळे नाहीत. मित्रमैत्रिणींबरोबर बाहेर बसूनही एवढे त्यांना पाळता आले पाहिजे. माझे सगळे प्रश्न तेवढ्यासाठीच आहेत.

नातीच्या वाढदिवसाला शहरातल्या एका नावाजलेल्या साखळी दुकानात गेलो होतो. दुकानाचे नाव लिहीत नाही, कारण प्रश्न त्या एका दुकानाचा नाही. यादीत ‘जैन’ असा पर्याय होता, तोच मागवला. खोक्याबरोबर लालसर मसाल्याच्या पुड्या आल्या. मुली त्या फाडून पिझ्झ्यावर भुरभुरवायला लागल्या तेव्हा मी त्यातली एक पुडी चष्मा लावून वाचली. अक्षर बारीक, सगळे इंग्रजीत. मीठ, मिरची, नंतर लसूण पूड, कांदा पूड, आणि त्यापुढे ६२७, ६३१ असे चव वाढवणाऱ्या पदार्थांचे सांकेतिक आकडे. पुडीवर हिरवा ठिपका होता आणि कायद्याने तो बरोबरच होता. पण ‘जैन’ म्हणून विकलेल्या खोक्यावर लसणाची पुडी ठेवून देताना कुणाच्याच मनात काही आले नाही.

मग मी काउंटरवर गेले. “बाळा, या बेसवर जो लाल सॉस लावता त्यात लसूण असतो का?” पोरगा विशीतला, बोलायला चांगला. म्हणाला, “काकू, तसलं काय नसतंय जैनमध्ये.” मी म्हटले, “सॉस वेगळा येतो का जैनसाठी?” तो आत जाऊन आला. “सॉस वरनंच येतंय, कॅनमध्ये. एकच असतंय.” मग तळण्याचे विचारले. आधी म्हणाला, चिकनचे आणि शाकाहारी तळण वेगळे करतो. मागे उभी असलेली मुलगी म्हणाली, “मशीन एकच आहे, बास्केट वेगळी आहे.” दोघेही खोटे बोलत नव्हते. बास्केट वेगळी म्हणजे वेगळे, असेच त्यांना शिकवले असणार. पण तेल एकच असेल तर बास्केट वेगळी असून उपयोग काय? मॅनेजर आले, नम्रपणे बोलले आणि कंपनीचा ई-मेल लिहून दिला. नातवाने घरी येऊन मेल केला. उत्तर इंग्रजीत आले. आमचे सर्व पदार्थ लागू असलेल्या सर्व नियमांचे पालन करतात, असे त्यात होते. सॉसमध्ये लसूण आहे की नाही, हे त्यात नव्हते.

आता हिरव्या ठिपक्याबद्दल. तो खोटा आहे असे मी म्हणत नाही. या देशात मांसाहारी पदार्थांवर तपकिरी खूण २००१ मध्ये बंधनकारक झाली, मग शाकाहारीसाठी हिरवी आली. २०२० च्या नियमांत तपकिरी गोलाचा त्रिकोण झाला, म्हणजे ज्यांना रंग ओळखता येत नाहीत त्यांनाही फरक कळावा. ही सोय फार मोठी आहे आणि जगात फार थोड्या ठिकाणी अशी आहे. पण तो ठिपका एकाच प्रश्नाचे उत्तर देतो, आणि त्याची व्याख्या आपल्यापैकी फारच थोड्यांनी वाचली आहे. प्राणी, पक्षी, मासे यांचा कुठलाही भाग, अंडी किंवा कुठलाही प्राणिजन्य पदार्थ आत असेल तर तो मांसाहारी. मात्र दूध व दुधाचे पदार्थ, मध, मधमाशीचे मेण आणि लाख यांना त्यातून सूट आहे. म्हणजे मध घातलेला पाव, मधाचा सॉस, लाखेची चकाकी दिलेली गोळी किंवा चॉकलेट हिरव्या ठिपक्यासह विकता येते. लाख किड्यापासून मिळते हे लाखेच्या बांगड्या वापरणाऱ्या आपल्या बायकांना सांगायला नको. आमच्या श्रावकाच्या, म्हणजे गृहस्थ जैनाच्या, आठ मूलगुणांत (पाळायच्या मूळ नियमांत) मद्य, मांस आणि मधु यांचा त्याग सर्वांत आधी येतो. जैन मुलाने हिरवा ठिपका पाहून मधाचा सॉस खाल्ला तर कायदा मोडत नाही, त्याचा नियम मात्र मोडतो, आणि त्याला ते कळतही नाही.

चीजचेही तसेच. दूध फाडून चीज जमवायला रेनेट लागते. पूर्वी ते दूधपित्या वासराच्या जठरातून काढत. आज सूक्ष्मजीवांपासून केलेले रेनेट सर्रास मिळते आणि आपल्याकडच्या कंपन्या पुड्यावर तसे छापतात, ही चांगली गोष्ट आहे. किराणा दुकानात मी पुडा उलटून वाचू शकते. साखळी दुकानात चीज किसून तयार येते, पुडा ग्राहकाच्या नजरेला पडतच नाही. जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून आणि कातडीपासून होते; मार्शमॅलो, काही जेली आणि थंड गोड पदार्थ त्यावरच उभे असतात. तेल आणि पाणी एकजीव ठेवणारा ४७१ क्रमांकाचा पदार्थ वनस्पती तेलापासूनही होतो आणि जनावराच्या चरबीपासूनही. वर सांगितलेला ६३१ टॅपिओकाच्या पिठापासून आंबवून करता येतो, तसा मांसापासून किंवा माशांपासूनही. आकडा एकच, उगम दोन. नेमका हाच मुद्दा दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये उचलून धरला. घटकाचे प्रमाण कितीही कमी असो, नुसता सांकेतिक क्रमांक पुरेसा नाही, तो घटक वनस्पतीपासून आला, प्राण्यापासून आला की प्रयोगशाळेत तयार झाला हेही सांगितले पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. आपण काय खातो हे जाणण्याचा हक्क माणसाला आहे, हे कोर्टाने मान्य केले आहे. मग काउंटरवर तेच विचारणाऱ्या बाईला हटवादी का म्हणायचे?

तळलेल्या बटाट्याचे प्रकरण तर अमेरिकेत कोर्टापर्यंत गेले होते. मॅकडोनाल्ड्सने १९९० मध्ये तिथे गोमांसाच्या चरबीत तळणे बंद करून वनस्पती तेल सुरू केले आणि त्याची जाहिरातही केली. तिथल्या कितीतरी हिंदू, जैन, शीख कुटुंबांनी समजूत करून घेतली की आता फ्राईज खायला हरकत नाही. प्रत्यक्षात चवीसाठी गोमांसाचा अर्क घालणे चालूच होते आणि घटकांच्या यादीत ‘नैसर्गिक चव’ एवढेच लिहिले जात होते. २००१ मध्ये सिएटलमध्ये एका भारतीय वंशाच्या वकिलाने दावा लावला. कंपनीने माफी मागितली, २००२ मध्ये एक कोटी डॉलर देऊन तडजोड केली. इथे मुंबई परिसरात त्यावरून निदर्शने झाली, मोडतोडही झाली. भारतात विकल्या जाणाऱ्या फ्राईजमध्ये तसले काही नाही, असे कंपनीने तेव्हा स्पष्ट केले. भारतात आल्यापासून, म्हणजे १९९६ पासून, त्यांनी इथे गोमांस आणि डुकराचे मांस ठेवलेलेच नाही. मोडतोड मला मान्य नाही. पण अकरा वर्षे लोक काय खात होते हे त्यांना माहीत नव्हते, आणि ते कळले तेही कुणीतरी चिकाटीने विचारत राहिले म्हणून.

हा प्रश्न केवळ जैनांचा नाही म्हणून आणखी दोन घरांचे सांगते.

यजमानांचे एक स्नेही तासगावकडचे, द्राक्षबागायतदार, गळ्यात तुळशीची माळ. एकादशी त्यांनी कधी मोडलेली मला आठवत नाही. पुण्याहून परतताना हायवेवरच्या फूड मॉलमध्ये गाडी थांबली की मुलगा त्यांच्यासाठी फ्राईज आणतो. “आबा, बटाटाच हाय, चालतंय की.” बटाटा उपवासाला चालतो हे खरे. पण गोठवून येणाऱ्या फ्राईज कुरकुरीत राहाव्यात म्हणून पुष्कळदा त्यांवर पिठाचा पातळ थर दिलेला असतो, कधी तांदळाचे, कधी मक्याचे स्टार्च, कधी गव्हाचे पीठ. एकादशीला तांदूळ वर्ज्य, धान्यच वर्ज्य. शिवाय त्याच तेलात ब्रेडचा चुरा लावलेल्या टिक्क्या तळून निघालेल्या असतात. मी त्यांना हे सांगितले तेव्हा त्या सत्तरी ओलांडलेल्या माणसाचा चेहरा पडला. नंतर त्यांच्या सूनबाई म्हणाल्या, “काकू, कशाला सांगितलंत? त्यांच्या मनाला लागलं.” मला अजूनही वाटते की सांगायला हवे होते. फक्त ते मी सांगण्याऐवजी दुकानाच्या पाटीवर लिहिलेले असायला हवे होते.

दुसरे घर मिरजेचे. माझी शाळेपासूनची मैत्रीण मुसलमान आहे. तिच्याकडे माझ्यासाठी स्टीलचे पातेले आणि पेला वेगळा ठेवलेला आहे. मी गेले की ती आधी तो फडताळातून काढून दाखवते आणि मगच चहा टाकते. तिला दुकानात विचारायचे असते ते मांस हलाल आहे का. २०१९ मध्ये मॅकडोनाल्ड्सने आपल्या भारतातल्या सर्व दुकानांना हलाल प्रमाणपत्र असल्याचे सांगितले आणि त्यावर मोठा गदारोळ झाला. अनेक हिंदू-शीख ग्राहकांचे म्हणणे पडले की आम्हाला हलाल नको, झटका हवा. त्या वादात मी पडत नाही, मी मांस खात नाही. पण दोन्ही बाजूंना हवे होते ते एकच: मांस कसले आहे ते आधी कळावे. मिरजेत दवाखाने किती आहेत ते आपण जाणताच. कर्नाटकातून, कोकणातून पेशंट येतात, नातेवाईक रात्री बाकावर बसून मोबाइलवरून जेवण मागवतात. परमुलखात, काळजीत असलेल्या माणसाने आपला नियम कसा सांभाळायचा? प्रमाणपत्र असते, पण ते मॅनेजरच्या फोनमध्ये किंवा ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. मैत्रिणीने आणि मी एकदा बसून आमच्या दोघींच्या याद्या ताडून पाहिल्या. निम्म्याहून अधिक प्रश्न सारखेच निघाले. जिलेटिन कसले, ४७१ कसले, चीजचे रेनेट कसले, व्हॅनिलाचा अर्क अल्कोहोलमध्ये काढलेला आहे का. तिच्याकडे दारू हराम, आमच्याकडे मद्याचा त्याग.

“एवढे सगळे सांगणे दुकानांना परवडत नाही” असे कुणी म्हणेल. कायद्याने त्यांना याहून किचकट गोष्टी सांगाव्या लागतातच. दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या दुकानांना प्रत्येक पदार्थापुढे उष्मांक लिहावे लागतात, ॲलर्जी करणारे घटक द्यावे लागतात, शाकाहारी-मांसाहारीची खूण द्यावी लागते. तळणाच्या तेलात ‘टोटल पोलर कंपाउंड्स’ (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात तयार होणारे घटक) पंचवीस टक्क्यांहून अधिक झाले की ते तेल वापरता येत नाही, हा नियम जुलै २०१८ पासून आहे. ज्या दुकानाकडे तेल किती जुने झाले हे मोजायचे साधन आहे, त्या दुकानाला त्या तेलात कोंबडी तळली होती का हे सांगता येऊ नये?

आणि इच्छा असली की साखळी दुकानांना सगळे जमते. उत्तर भारतात नवरात्रात डॉमिनोजने आपली कितीतरी दुकाने पूर्ण शाकाहारी करून दाखवली आहेत, शिंगाड्याच्या पिठाचा बेस आणि सैंधव मीठ वापरून उपवासाचा पिझ्झा विकला आहे. तिथे गिऱ्हाईक मोठे, म्हणून केले. सांगली-कोल्हापूर भागात आमचा समाज पिढ्यान्‌पिढ्या शेती करत राहिला आहे. दक्षिण भारत जैन सभा १८९९ पासून काम करते आहे. जत-मिरजेकडे लिंगायत समाज मोठा आहे, तोही शाकाहारी. माळकरी तर गावोगाव आहेत. हेही गिऱ्हाईकच आहे. फक्त ते काउंटरवर मोठ्याने बोलत नाही. आमच्या घरातल्या मुली तर विचारायलाच लाजतात. मागे उभे असलेले हसतील म्हणून गप्प राहतात आणि मग एकतर काही खात नाहीत किंवा डोळे मिटून खातात. त्या वाचकमहोदयांच्या पत्राने त्यांची ही भीती वाढली, म्हणून मला जास्त वाईट वाटले. “घरी जेवा” म्हणणे सोपे आहे. पण ‘जैन’ ही पाटी आम्ही लावलेली नाही. ती दुकानाने लावली, आमच्या मुलांना आत बोलावले आणि पूर्ण पैसे घेतले. माझ्या धर्माचे नाव वापरून माल विकायचा असेल तर त्या नावाला जे नियम चिकटलेले आहेत त्यांची जबाबदारीही घ्यावी लागेल. ते झेपत नसेल तर ‘कांदा-लसूण न घातलेला’ एवढेच प्रामाणिकपणे लिहावे, आणि सॉसमध्ये लसूण असेल तर तेही लिहू नये.

अन्न व औषध प्रशासनाच्या सांगली कार्यालयाला माझी विनंती आहे की जिल्ह्यातल्या साखळी दुकानांची एक बैठक घ्यावी. काउंटरजवळ मराठीत एक पाटी हवी: तळणाचे तेल कोणते, शाकाहारी आणि मांसाहारी तळणाची यंत्रे वेगळी की एकच, चीज कोणत्या रेनेटचे, कुठल्या पदार्थात मध, जिलेटिन किंवा अंडे आहे, ‘जैन’ पदार्थाचा सॉस वेगळा आहे की नाही, फ्राईजवर पिठाचा थर आहे का, मांस हलाल आहे का. ही माहिती कंपनीच्या मुख्य कार्यालयात असतेच, नसेल तर ती असलीच पाहिजे. ॲपवरून मागवणाऱ्यालाही पदार्थाखाली ती वाचता यावी. एकाच स्वयंपाकघरातून चार नावांनी जेवण पाठवणारे आता निघाले आहेत, त्यांनाही हेच लागू व्हावे. काउंटरवरच्या मुलांना दोष देऊ नये. त्यांना जे सांगितले जाते तेच ती सांगतात. पाटी असली तर त्यांचीही सुटका होईल आणि रांगही अडणार नाही.

वाचकांनाही एक सांगावेसे वाटते. जानेवारी २०२२ पासून प्रत्येक बिलावर अन्नसुरक्षेचा चौदा आकडी परवाना क्रमांक छापणे बंधनकारक आहे. बिल फेकू नका. ‘जैन’ सांगून भलतेच दिले, उपवासाचे म्हणून धान्य घातलेले दिले, तर तो क्रमांक लिहून तक्रार करता येते. आमच्या नातवाने वरच्या प्रसंगाची केली आहे.

आपल्या वार्ताहराने शहरातल्या चार-पाच दुकानांत जाऊन हेच प्रश्न विचारावेत आणि मिळतील ती उत्तरे जशीच्या तशी छापावीत. एका बाईला ई-मेलचा पत्ता लिहून देऊन वाटेला लावता येते, वर्तमानपत्राला तसे करता येणार नाही.

आमचे दशलक्षण पर्व भाद्रपद शुद्ध पंचमीला सुरू होते आणि अनंत चतुर्दशीपर्यंत चालते. त्या दहा दिवसांत एरवी फारसे न पाळणारी मुलेही पाळतात. निदान तोवर तरी पाट्या लागाव्यात. मिरजेच्या मैत्रिणीने आणि मी मिळून प्रश्नांचा एक कागद मराठीत तयार करून टाइप करून घेतला आहे, तो या पत्रासोबत जोडला आहे. ज्या दुकानाला हवा असेल त्याला आणून देण्याची माझी तयारी आहे.

कळावे,
आपली विश्वासू,
एक वाचक, गावभाग, सांगली
(नाव-पत्ता आपल्या माहितीसाठी वेगळा दिला आहे, प्रसिद्ध करू नये.)